सिंगल हँड

दोन महिने बॅटरी आईच्या पायाशी होती.
डिझेल इंजिन बसवलं, पुढं जागा उरली नाही,
म्हणून दस्तगीरमामांनी तात्पुरती म्हणत
डाव्या सीटपुढं पोत्यावर ठेवली,
आणि आई बुधगाव ते मिरज मांडी घालून यायची.
साडीला ॲसिडची तीन भोकं पडली,
कुणाला बोलली नाही. मलाच बोलली.

मग एका रविवारी मी डिकी रिकामी केली.
दादा अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीत.
तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरपुढं उभे राहिलेले,
त्यामुळं ऐकू कमी, सल्ला जास्त.
"वायर जाड घे."
घेतली होती. वेल्डिंगची, अंगठ्याएवढी,
कुपवाडात पाच मीटर मोजून.
दुकानदार विचारत होता, गॅरेजवाले कुठायत?

फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर, पलीकडे नाही.
आयटीआयच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर सांगते:
लांब वायर म्हणजे लांब जीभ,
मध्ये कुठं घासली की घर पेटलं.

डावी सीट उचलून शेवग्याखाली ठेवली.
मॅटखाली मूठभर ज्वारी, एक आकडा,
आणि वाळूचा बारीक थर, कुठल्या सहलीचा कोण जाणे.
दाराचं रबर ओढलं
तर वर, छताच्या कडेला, बोटभर पिवळं.
मला वाटलं हळद. कुठल्यातरी दसऱ्याची.
अंगठ्यानं पुसली.
निघाली नाही.

दुपारपर्यंत बॅटरी बसली,
टाकीपासून लांब, स्टेपनीशेजारी,
लोखंडी पट्टीनं आवळून,
वाफेची नळी खाली सोडून.
चावी फिरवली.
टक्.
परत फिरवली. टक्. एवढंच.
दादा म्हणाले, "अर्थिंग बघ."
ऐकू न येणाऱ्या माणसाला तो टक् कसा ऐकू आला?

अर्थिंगच होतं. लग रंगावर बसलेला.
पॉलिशपेपर घेऊन डिकीत वाकले.
पांढरा गेला, मग राखाडी,
मग काळा,
चांगला जाड, मन लावून दिलेला काळा,
मग पत्रा.

खाली काळं. वर पिवळं.
मी डिकीच्या काठावर बसले.

बावीस वर्षं आमच्या घरात एक डॉक्टर राहत होते.
नाव नाही, फोटो नाही, गाव मुंबई.
"डॉक्टरची गाडी. सिंगल हँड,"
दादा लग्नात सांगायचे, पंपावर सांगायचे,
गाय आडवी आली तर गायीला सांगायचे.
डॉक्टर गाडी चाळीसच्या वर नेत नसत.
डॉक्टर गाडीत खाऊ देत नसत.
दहावीला इंग्रजीत नापास झाले
तेव्हाही ते डॉक्टर मध्ये आलेच.

दस्तगीरमामा लग दाबायला आले,
घासलेल्या जागी बघितलं,
भुकटीवर फुंकर मारली.
"कार्बन असंल," म्हणाले.
मग पाना शोधता शोधता, हळू:
"डॉक्टरची परवडत न्हवती, अनसे.
अन् हिच्यातबी दहा हजार माझं होतं."

दादा रस्त्याकडं बघत होते.
रस्त्यावर काहीच नव्हतं.

मी लग उघड्या पत्र्यावर टेकवला,
बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं,
भोवतीची काळी कड तेवढी दिसत राहिली.
चावी.
पहिल्या झटक्यात लागली,
सगळं अंगण थरथरलं, कोंबड्या पळाल्या.

"डॉक्टर गाडीला जपायचे," दादा म्हणाले.
"व्हय," मी म्हणाले. "दिसतंय की."

सीट अजून शेवग्याखालीच होती,
म्हणून दादा मागं बसले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
नाक थोडं वर उचललेलं वाटलं गाडीचं;
वजन तेवढंच, नुसतं मागं गेलेलं.
त्यांनी काच खाली केली, घसा साफ केला,
"विश्रामबागला घे," म्हणाले,
ओळख नसल्यासारखं,

आणि माझा डावा हात
सीट नसलेल्या जागेवरून
उगाच खिडकीकडं गेला,
मीटर पाडायला.